आईचे बोल कागदावर कोण उतरवणार?

दुबई शहरात रास अल खोर नावाचा एक भाग आहे. अरबी भाषेत रास म्हणजे डोके किंवा टोक आणि खोर म्हणजे खाडी. दुबईची खाडी समुद्रातून आत शिरून जिथे रुंद होते, तिथे हे नाव पडले. मराठी कानाला मात्र ते वेगळेच ऐकू येते. रास म्हटले की आपल्याला खळ्यावरची धान्याची रास दिसते आणि खोरे म्हटले की तापीचे, कृष्णेचे खोरे आठवते. शब्द दुसऱ्याचे, पण कान आपले. हा कान आपल्याला कोणी दिला? शाळेने दिला असे आम्हां शिक्षक मंडळींना वाटते. खरे पाहता तो आईने दिला. मूल शाळेची पायरी चढते तेव्हा तो कान तयारच असतो.

या रास अल खोरला दोन रूपे आहेत. एका बाजूला खारफुटीची झाडे आणि उथळ पाणी आहे. तिथे रोहित पक्षी, ज्यांना इंग्रजीत फ्लेमिंगो म्हणतात, ते शेकड्यांनी उभे असतात. ही पाणथळ जागा २००७ साली रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली. मुंबईजवळच्या ठाण्याच्या खाडीतही हाच गुलाबी पाहुणा येतो आणि ती खाडी २०२२ साली त्याच यादीत आली. रास अल खोरच्या दुसऱ्या बाजूला गॅरेजे, गोदामे, जुन्या मोटारींचा बाजार आणि फळे-भाजीपाल्याची मोठी मंडई आहे. तिथे परगावाहून आलेली माणसे राबतात, आणि त्यांत भारतातली असंख्य आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातून आखातात नोकरीला जाणे ही काही आजची गोष्ट नाही. ज्या जिल्ह्यातून आपले कितीतरी पूर्वज बोटीने या बेटावर आले, त्याच जिल्ह्यातली पोरे पुढे विमानाने आखातात गेली.

अशा मुलाची आई गावी असते. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावून झाला की ती फोनची वाट पाहते. फोन आला की विचारते काय? जेवलास का, अंगात ताप तर नाही ना, रविवारी सुट्टी असते की नाही. मग शेजारच्या घरातले लग्न, गाईचे वासरू, गणपतीला येणार का नाही. या बोलण्यात वर्तमानपत्रात छापण्यासारखे काही नसते, पण मुलगा त्यावर महिना काढतो. देवाधर्माचे म्हणाल तर त्या गावात आता मंदिरही आहे. दुबईत हिंदूंचे मंदिर १९५८ पासून बर दुबई भागात होते. पुढे जबल अलीला मोठे मंदिर बांधले गेले आणि ते ४ ऑक्टोबर २०२२ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खुले झाले. मुलगा देवळात जाऊन आला हे ऐकले की गावच्या आईला बरे वाटते. तिच्या श्रद्धेला एवढे पुरते.

प्रश्न पुढचा आहे. ही आई एक दिवस जाते. मुलाजवळ तिचा एखादा फोटो असतो, कदाचित फोनमध्ये तिच्या आवाजाचे दोन-चार निरोप असतात. फोन बदलला की तेही जातात. मग साठ-सत्तर वर्षे जिने घर चालवले, देव सांभाळले, मुले वाढवली, तिच्या मनात काय होते हे कोणाला कळणार? तिच्या ओव्या, म्हणी, नवस, तिचे हसणे-रागावणे यांचा हिशेब कोणी ठेवायचा?

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर एका मुलाने दिले. त्याची आणि त्याच्या आईची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांला वाटते.

खानदेशात जळगावजवळ असोदे नावाचे गाव आहे. १८८० साली तिथल्या महाजन घराण्यात एक मुलगी जन्मली. नाव बहिणा. शाळा तिच्या वाट्याला आली नाही. त्या काळी शेतकऱ्याच्या मुलीने शेणगोठा, चूल आणि शेत शिकायचे असे. तेराव्या वर्षी तिचे लग्न जळगावच्या नथुजी चौधरी यांच्याशी झाले. ओंकार, सोपान आणि काशी ही तीन अपत्ये झाली. बहिणाबाई तिशीच्या सुमारास असताना नथुजी वारले. धाकटा सोपान १९०७ सालचा, म्हणजे वडील गेले तेव्हा तो अगदी लहान.

इथून पुढे चाळीस वर्षे बहिणाबाईंनी वैधव्यात काढली. त्या काळच्या शेतकरी घरात तरुण विधवेचे दिवस कसे असत हे आपल्या आज्यांना विचारावे. घर मोठे, कामे न संपणारी, माणसे बोलणारी. पहाटे जात्यावर बसायचे, दिवसभर शेतात राबायचे, रात्री चुलीपुढे धूर सोसायचा. बहिणाबाई या सगळ्यातून गेल्या, आणि काम करता करता गात गेल्या. जात्याच्या घरघरीबरोबर, मोटेच्या पाण्याबरोबर, वाऱ्यावर धान्य उपणताना त्यांच्या तोंडून ओव्या निघत. त्यांची बोली लेवा समाजाची, खानदेश-वऱ्हाडच्या वळणाची. पुस्तकी मराठीशी तिचा संबंध नव्हता. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यामुळे गायिलेले वाऱ्यावर जाई. ज्याच्या कानावर पडेल त्याचे नशीब.

त्यांनी काय गायिले? जे पाहिले ते. जमिनीत पेरलेले बी उगवणे त्यांना चमत्कारासारखे वाटे. सुगरणीचा खोपा पाहून त्या थक्क होत. माणसाच्या मनाचा चंचलपणा त्यांनी शेतात शिरणाऱ्या ढोरांवरून ओळखला. माहेरची वाट, पोळा, आखाजी, गुढी पाडवा हे सगळे त्यांच्या गाण्यांत आहे. जळगावचा छापखाना पाहून कोरा कागद छापून निघतो आणि शहाणा होतो, याचेही त्यांनी कौतुक केले. स्वतःला अक्षर येत नव्हते तरी अक्षराचा हेवा वाटला नाही, आदर वाटला. आपल्याला कोणी शिकवले असे विचारले तर त्या सरस्वतीचे नाव घेत. देवी आपल्या मनात गुपिते पेरते, अशी त्यांची साधी समजूत होती.

त्यांच्या श्रद्धेबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आईची श्रद्धा म्हटले की आपण चटकन उपास-तापास आणि नवस-सायास एवढेच धरतो. बहिणाबाई देव मानत, सण पाळत, पण भाबड्या नव्हत्या. पती गेल्यावर भविष्य सांगायला येणाऱ्या जोशाला त्यांनी गाण्यातच दारातून परत पाठवले. आपले दैव आपल्याला कळले आहे, आता हात पाहून काय सांगणार, असा त्यांचा रोख. कपाळीचे कुंकू गेले, हातातल्या बांगड्या गेल्या, तरी त्यांनी कपाळाला हात लावून बसणे पत्करले नाही. ज्या हातांनी राबायचे ते हात आहेत, मुले आहेत, शेत आहे, म्हणजे देव अजून घरात आहे, असा हा धर्म. आपल्या घरातल्या वृद्ध स्त्रिया पाहिल्या तर हाच धर्म तिथे दिसेल. त्या देवापुढे रडतात, आणि पदर खोचून कामालाही लागतात.

धाकटा सोपान शिकला, सोपानदेव चौधरी या नावाने कवी म्हणून महाराष्ट्रात ओळखला जाऊ लागला. कवी मुलगा आणि निरक्षर आई. कोणी म्हणेल, मुलाला आईच्या अडाणी बोलीची लाज वाटली असेल. तसे घडले नाही. आई काम करताना गाई तेव्हा सोपानदेवांनी आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी जमेल तेवढे उतरवून घेतले. बरेच निसटले, थोडे राहिले. ३ डिसेंबर १९५१ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, बहिणाबाई जळगावला वारल्या. तोवर घराबाहेर त्यांचे नाव कोणाला ठाऊक नव्हते.

आईच्या मागे त्या वहीची पाने सोपानदेवांच्या हाती राहिली. ती घेऊन ते आचार्य अत्रे यांच्याकडे गेले. संकोच होताच. आईची गाणी मुलाला गोड वाटणारच, जगाला त्याचे काय? अत्र्यांनी ती ऐकली आणि हे महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे म्हणजे गुन्हा आहे, अशा अर्थाचे ठणकावून सांगितले. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. आज मराठी शिकणाऱ्या मुलाच्या पाठ्यपुस्तकात त्यांची कविता नाही असे क्वचितच होते. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ असे नाव मिळाले. जिने शाळेची घंटा स्वतःसाठी कधी ऐकली नाही, तिच्या नावाची पदवी आज मुले घरी नेतात. शिक्षक म्हणून आम्हांला ही गोष्ट वर्गात सांगताना नेहमी भरून येते.

अत्र्यांचे नाव आले तेव्हा आणखी एका आईची आठवण निघणे साहजिक आहे. ही आई तर आपल्या कोकणातली. दापोली तालुक्यातल्या पालगडच्या यशोदाबाई साने. त्यांना दीर्घायुष्य लाभले नाही. १९१७ साली त्या गेल्या तेव्हा मुलगा शिक्षणासाठी दूर होता, अखेरच्या क्षणी जवळ नव्हता. पुढे हा मुलगा साने गुरुजी म्हणून सगळ्यांचा झाला. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात असताना अवघ्या काही दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. एका वर्षाच्या अंतराने अत्र्यांनी महाराष्ट्राला दोन आया दाखवल्या. एकीने स्वतः गायिले आणि मुलाने लिहून ठेवले. दुसरी गेल्यावर सोळा वर्षांनी मुलाने आठवून आठवून लिहिले. दोन्ही ठिकाणी लिहिणारा हात मुलाचा होता. तो हात चालला नसता तर पालगड आणि असोदे या गावांची नावे आपण कशाला घेतली असती?

इथे वाचक म्हणतील, आमची आई काही कवयित्री नव्हती आणि आम्ही साने गुरुजी नाही. बरोबर आहे. पण पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातव्हँ या दोघांनी काय केले ते ऐका. जात्यावर दळण बंद पडले, खेडोपाडी विजेच्या गिरण्या आल्या, आणि दळता दळता गायच्या ओव्या म्हाताऱ्या बायकांच्या ओठांवरच राहिल्या. तेव्हा १९८०च्या दशकापासून या दोघांनी आणि त्यांच्या साथीदारांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून जास्त भरल्या. २०१७ पासून ग्रामीण भारताच्या ‘पारी’ या संग्रहातून त्या जगाला ऐकायला मिळतात. गाणाऱ्या बायका कोण? शेतकरीण, मजूर, सासुरवाशीण, विधवा. कोणालाही कवयित्री म्हणून मान नव्हता. तरी राम-सीता, विठोबा, भाऊ, माहेर, सासुरवास, मुलीचे दुःख, बाबासाहेबांविषयीची कृतज्ञता, सगळे त्यांच्या ओव्यांत आहे. म्हणजे आईजवळ सांगण्यासारखे असतेच. विचारणारा हवा.

आता आपल्या बेटाकडे वळू. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांचे दप्तर जपून ठेवले आहे. बोटीतून उतरलेल्या माणसाचा नंबर त्यात आहे. नाव आहे, वय आहे, गाव आहे, उंची आहे, अंगावरची खूण आहे. काहींचे फोटोही आहेत. एखाद्या घराण्याला आपली पणजी तिथे सापडते तेव्हा डोळ्यांत पाणी येते. साहेबाने तिची उंची मोजून लिहिली, पण ती कोणती ओवी म्हणत होती हे विचारले नाही. त्याला ते नको होते. त्याला ऊस तोडणारे हात हवे होते. त्याला दोष देऊन आज काय उपयोग? घरच्यांनी तरी विचारले का, हा प्रश्न उरतोच. त्या पहिल्या पिढीला लिहिता येत नव्हते, तिच्यावर दोष येत नाही. आज मात्र घराघरांत शिकलेली मुले आहेत.

आपल्या आया-आज्यांनी मराठी कशी टिकवली? शाळेतल्या तासाने नव्हे. गणेश चतुर्थीला मूर्ती घरी आणताना, आरतीला टाळ धरताना, झाकरीत फेर धरताना, मूल निजवताना, मेलेल्या माणसासाठी रडताना ती टिकली. दिवसभर शेतात क्रिओल बोलायची, साहेबाशी फ्रेंचचे दोन शब्द, आणि देवापुढे मराठी. कोणाला त्यातले सगळे शब्द समजत नसत, तरी चाल चुकत नसे. एक गोष्ट आम्हांला इथे स्पष्ट लिहावीशी वाटते. ही पिढी आता संपत आली आहे. एक वृद्ध आई गेली की तिच्याबरोबर एखादे गाणे कायमचे जाते, आणि ते गाणे कोणत्याही पुस्तकात सापडत नाही, कारण ते रत्नागिरीच्या एखाद्या वाडीचे असते आणि कदाचित त्या वाडीतही ते आता कोणी गात नसेल.

म्हणून वाचक बंधु-भगिनींना आमची काही साधी विनंती आहे. एक वही घ्या. पहिल्या पानावर आईचे पूर्ण नाव, माहेरचे नाव, जन्माचे गाव आणि साल लिहा. मग तिला बोलू द्या. प्रश्नांचा भडिमार करू नका. ती भाजी निवडत असेल, वाती वळत असेल, तेव्हा जवळ बसा. हात कामात असले की जुनी माणसे मोकळी बोलतात. फोनवर आवाज भरून घ्या, पण फोनवर विसंबू नका, ऐकलेले त्याच आठवड्यात वहीत उतरवा आणि खाली तारीख घाला.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. तिची भाषा सुधारू नका. सोपानदेव स्वतः कवी होते, शुद्ध मराठीत लिहीत होते. मनात आणले असते तर आईचा प्रत्येक शब्द त्यांनी पुस्तकी करून टाकला असता, आणि आज त्या गाण्यांत काही राहिले नसते. त्यांनी आईची बोली तशीच ठेवली. आपल्या आईच्या बोलण्यात क्रिओल शब्द मिसळला असेल, भोजपुरी शब्द आला असेल, तर तो तसाच लिहा. तो शब्द म्हणजे तिच्या आयुष्याचा इतिहास आहे. ती कोणाच्या शेजारी राहिली, कोणाच्या बरोबर उसात राबली, कोणाच्या लग्नात गायिली, हे त्यातून कळते. व्याकरण शिकवायला शाळा आहे. आईच्या वहीत लाल पेन नको.

परदेशी असलेल्या मुलांनाही हेच सांगणे. आपल्या बेटावरची कितीतरी मुले आज फ्रान्स, इंग्लंड, कॅनडा आणि दुबईला आहेत. दुबईला तर इथून थेट विमान जाते. आठवड्याचा फोन तर होतोच. त्यातली दहा मिनिटे आईच्या बालपणासाठी ठेवावी. कोणत्या देवळात जात होतीस, नारळीच्या झाडाखाली काय खेळत होतीस, आजी काय गात होती, असे विचारावे. पैसे पाठवणे हे कर्तव्य आहे आणि मुले ते करतात. पण वृद्ध आईला कोणी आपले ऐकून घेतले, याचा जो आनंद होतो तो बँकेतून पाठवता येत नाही.

काही घरांत आई आधीच गेलेली असेल. त्यांनी हळहळत बसू नये. साने गुरुजींनीही आई गेल्यावरच लिहिले. भावंडे एकत्र बसली, मावशी-आत्या असल्या तर त्यांना बोलावले, तर एकाला आरती आठवते, दुसऱ्याला म्हण आठवते, तिसऱ्याला आई कशावरून रागवायची ते आठवते. थोरल्याची आई आणि धाकट्याची आई थोडी वेगळी असते, तेही लिहावे. वर्षश्राद्धाच्या दिवशी भटजी येतात, पान वाढले जाते, सगळे जमतात. त्याच दुपारी वही उघडावी. पितरांचे तर्पण पाण्याने होते, तसे ते आठवणीनेही होते असे आम्ही मानतो.

बहिणाबाई एकाहत्तर वर्षे जगल्या. त्यातली बहुतेक वर्षे दळण, कांडण, पेरणी, कापणी आणि मुलांच्या काळजीत गेली. त्यांना आपले नाव राहावे असे कधी वाटले नसेल. नाव राहिले ते घरातल्या दोन तरुणांनी पेन्सिल घेऊन त्यांच्या जात्याजवळ बसण्याचे मनावर घेतले म्हणून. यंदाच्या गणेश चतुर्थीला आपल्या घरातली सगळ्यांत वयस्क बाई आरतीच्या वेळी काय गुणगुणते, तिकडे एकदा कान द्या आणि मुलांपैकी एकाच्या हाती वही द्या.